पऱ्ह्याचा आकडा

“हा तक्ता आधी भिंतीवरून उतरवा,” पाटणकर साहेब म्हणाले. त्यांनी रेनकोटही काढला नव्हता. दारात उभ्या उभ्या त्यांच्या पायाशी पाणी साचत होतं.

“उतरवते,” मी म्हटलं. “पण एकदा वाचा.”

“शिगवणबाई, सकाळचे सव्वाआठ वाजलेत. घाटात दरड आली आहे, जिल्ह्याहून दोनदा फोन येऊन गेला. आणि तुम्ही मला तक्ते वाचायला लावताय.”

“अकराच ओळी आहेत, साहेब.”

ते वाचायला पुढे आले नाहीत, म्हणून मी जागेवरूनच वाचून दाखवायला सुरुवात केली.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. देवखोलच्या तहसील कचेरीत वरच्या मजल्यावर आपत्ती नियंत्रण कक्ष होता. कक्ष म्हणजे दोन फोन, एक वायरलेस संच, एक संगणक, एक फॅक्स आणि मी. मी कंत्राटी संगणक चालक, वय चौतीस. पाटणकर साहेब निवासी नायब तहसीलदार, म्हणजे माझे थेट वरिष्ठ. आमचं गाव वाकणी नदीच्या काठावर. नदी थोडं खाली जाऊन खाडीला मिळते, त्यामुळे भरतीचं पाणी गावच्या पुलापर्यंत चढतं. वर तीस किलोमीटरवर कुंभाड धरण. त्याच्या नऊ वर्षं आधी गाव पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं आणि बावीस माणसं गेली होती. त्या दिवशी पावसाचा आकडा महसूल मंडळांकडे होता, धरणाचा पाटबंधारे खात्याकडे, भरतीचा बंदर कचेरीत, आणि कुठली गल्ली किती उंचावर आहे तो नगरपालिकेच्या गटार योजनेच्या फायलीत. प्रत्येकाचा आकडा बरोबर होता. गाव तरीही बुडालं, कारण चारही आकडे एका कागदावर कोणी मांडले नव्हते.

मी ते मांडायला घेतले. मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होते. कोणी चहा पाजून आकडे दिले, कोणी अर्ज करा म्हणाले, मी अर्ज केले. रविवारी मी आणि इब्राहिम मुकादम टेप घेऊन गल्ल्यांतून फिरायचो. मुकादम नगरपालिकेच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. घराणं तांडेलांचं, वडील खाडीत मचवा चालवायचे. जुन्या पुराचं पाणी कुठे टेकलं होतं ते लोक भिंतीवर दाखवायचे, मुकादम उंची मोजायचे आणि मी लिहून घ्यायचे. त्यातून तो तक्ता झाला. पुलाखाली पाणी किती मीटर झालं की गावातली कुठली जागा बुडते आणि तिथून कुठली वाट मोकळी राहते, हे त्यात एका नजरेत दिसायचं.

आदल्या वर्षी याच तक्त्यावरून मी इशारा दिला होता. गणपतीच्या तोंडावर बाजार एक दिवस बंद राहिला आणि पाऊस वरच्या वर थांबला, गावात पाणी आलंच नाही. व्यापारी कचेरीवर मोर्चा घेऊन आले. मला मेमो मिळाला, ‘अनधिकृत माहिती प्रसृत करू नये.’ म्हणून साहेबांना तो तक्ता डोळ्यांसमोर नको होता.

“आज अमावस्या आहे,” मी म्हटलं. “उधाणाची भरती आपल्या पुलापाशी दुपारी एकला येते. धरणाचे दरवाजे दहाला उघडणार आहेत. ते पाणी इथे पोचायला तीन तास लागतात. म्हणजे तेही एकला. वर चार दिवसांचा पाऊस, जमिनीत आता थेंब मुरत नाही. तिन्ही एकाच वेळी पुलाखाली आली तर बाजारपेठेत अकरा फूट पाणी चढेल.”

“तर चढेल. धरणाचा निर्णय आपला नाही.”

“आपण कळवू शकतो. आत्ताच दोन दरवाजे थोडे उघडा, दहा ते बारा आवरते घ्या, भरती उतरेल तेव्हा पुन्हा सोडा. एवढंच.”

“गेल्या वर्षीही तुम्ही असंच ‘एवढंच’ म्हणाला होता.” त्यांनी फोनकडे पाहिलं. “मी घाटात जातोय. मंजूर आराखडा आहे, त्याप्रमाणे बोटी मच्छी मार्केटपाशी आणि लोक बंदर रस्त्याने टाउन हॉलमध्ये. त्यात काना-मात्रेचा बदल नको. आणि तो कागद उतरवा.”

ते गेले. जीपचा आवाज लांब जाईपर्यंत मी तक्त्यापुढे उभी होते. मी तो उतरवला. मग टेबलावर पसरला, म्हणजे हाताशी राहील.

धरणावर घोसाळकर नावाचे शाखा अभियंता होते. दोन वर्षांत त्यांची माझी एकदाही भेट नव्हती, पण रोज सकाळी सहाला मी त्यांना पातळी विचारायचे आणि ते न कंटाळता सांगायचे. मी फोन लावला आणि मघाचं सगळं पुन्हा सांगितलं.

“हिशोब बरोबर आहे तुमचा,” ते म्हणाले. “मलाही आत्ता उघडलेलं चालेल, धरणाला त्यात धोका नाही. पण दहाची वेळ वरून ठरून आली आहे. आधी उघडायचं तर खालच्या तहसीलचं लेखी लागतं. नाहीतर खाली कोणी वाहून गेलं तर माझी मान जाईल.”

“लेखी कोणाचं?”

“तहसील कचेरीचं. फॅक्स चालेल.”

मी फोन ठेवला आणि कोरा कागद घेतला. हात कापत होता असं नंतर लोकांनी माझ्या वतीने सांगितलं. तो कापत नव्हता. मला इतका राग आला होता की अक्षर उलट नेहमीपेक्षा चांगलं आलं. वेळ, भरती, पाऊस, मागणी, सगळं आठ ओळींत लिहिलं. खाली लिहिलं, ‘ही माहिती मी माझ्या जबाबदारीवर देत आहे. वृंदा शिगवण, संगणक चालक (कंत्राटी), आपत्ती नियंत्रण कक्ष, देवखोल.’ कचेरीचा शिक्का समोरच पडला होता. तो मी मारला नाही. खोटं काही करायचं नव्हतं मला.

पाच मिनिटांनी घोसाळकरांचा फोन आला.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“यावर शिक्का नाही.”

“शिक्का साहेबांचा आहे. सही माझी आहे.”

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. “लेखी लागतं एवढंच नियमात लिहिलंय,” ते म्हणाले. “कोणाचं ते तपासायला मला दुपार होईल. आवक क्रमांक टाकतो. पावणेनऊला दोन दरवाजे उघडतोय. तुमच्या पुलापर्यंत काठावरच्यांना उठवा.”

वाटेतल्या पाच गावांच्या पोलीस पाटलांना मी फोन करत गेले. तोवर मुकादम जिना चढून वर आले. उंच, पांढरी दाढी, अंगात दलाचा निळा गणवेश.

“बाय, मच्छी मार्केटला बोटी लावल्यात. आराखड्याप्रमाणे.”

“मुकादमभाई, दरवाजे आवरले तरी पाणी येणार आहे. अकरा फूट नाही, पण कमरेएवढं नक्की. बंदर रस्ता साडेअकराला जाईल. टाउन हॉलला नेलेली माणसं तिथेच अडकतील आणि तुमच्या बोटी पुलाच्या त्या अंगाला राहतील.”

“मग कुठून काढू?”

मी टेबलावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. “तेली आळीतून वर. हायस्कूलला. तेली आळी नदीच्या पाण्याने बुडत नाही, या आकड्यावर तर नाहीच.”

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांनी स्वतः मोजलेली उंची होती ती. “साहेब काय म्हणाले?”

“आराखड्यात बदल नको म्हणाले.”

मुकादमांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. “नऊ वर्षांपूर्वी मी आराखड्याप्रमाणेच उभा होतो,” म्हणाले. “बोटीत बसून बावीस नावं ऐकली. आज तू सांगतेस तसं.”

साडेनऊपासून बाजारपेठ रिकामी व्हायला लागली. गेल्या वर्षीचं आठवून काही व्यापारी हलायला तयार नव्हते. मुकादमांच्या माणसांनी दुकानांची शटरं त्यांच्यासमोर ओढली. अकरा वाजता पाणी मच्छी मार्केटच्या ओट्याला लागलं. मग बंदर रस्ता गेला. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. तक्ता चार मिनिटांनी चुकला होता. मला तेव्हा आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

वायरलेसवर दलाचे लोक बोलत होते. आलेला प्रत्येक निरोप वेळ घालून नोंदवहीत लिहायची माझी पद्धत होती. तेली आळीच्या वरच्या टोकाला एक पऱ्ह्या आडवा जातो. पऱ्ह्या म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. पावसाळ्यात वाहतो, एरवी कोरडा. त्यावर लहानशी मोरी आहे, ती ओलांडली की हायस्कूलची चढण. त्या मोरीवर सुधाकर खलपे उभे होते. दलातले सगळ्यात जुने जवान, वय बावन्न. कठड्याला दोर बांधून ते एकेकाला पलीकडे सोडत होते.

“कंट्रोल, मी खलपे. अजून शंभरेक माणूस यायचं आहे. तेली आळी कशी?”

“कोरडी राहील. नदी वाढतेय, पण आळीला लागणार नाही.”

“आणि पऱ्ह्याचं काय?”

“पऱ्ह्याचं काही नाही.”

“बरं, मॅडम.”

मी नोंद केली आणि दुसरा फोन घेतला.

पावणेएकला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. आम्हाला खाली तो दिसलाही नाही. एक वाजून पाच मिनिटांनी मुकादमांचा आवाज आला. एरवी ते वायरलेसवर सावकाश बोलत.

“मोरी गेली. कठड्यासकट गेली. खलपे गेला.”

मी म्हटलं, “कुठे गेले?” असा प्रश्न विचारायला नको होता, पण तोंडातून तोच आला.

“पाण्यात,” मुकादम म्हणाले.

बाजारपेठेत त्या दिवशी कमरेपर्यंत पाणी चढलं. साडेसहाशे माणसं हायस्कूलच्या वर्गांत बसून होती. बाजारातलं एकही माणूस बुडालं नाही. खलपे दोन दिवसांनी खाडीच्या चिखलात सापडले.

पाणी ओसरल्यावर आठवडाभराने चौकशीचं पत्र आलं. पाटणकर साहेबांनी मला आत बोलावलं आणि स्वतः खुर्ची पुढे केली. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. टेबलावर टाइप केलेली दोन पानं होती.

“वाचा. तुमचं नाव आहे त्यात,” ते म्हणाले. “चांगल्या अर्थाने.”

मी वाचलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की नियंत्रण कक्षाकडे सर्व खात्यांची माहिती नियमितपणे एकत्र होत होती आणि तीवरून वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली वेळीच निर्णय घेण्यात आले. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, मयत जवान सुधाकर खलपे हे सुरक्षा दोर सोडून पुढे गेल्याने वाहून गेले.

“खाली सही करा. पंधरा ऑगस्टला सत्कार आहे. तुमच्या कायम नेमणुकीचंही मी बोललोय.”

“खलपे दोर सोडून गेले नव्हते, साहेब. मुकादम तिथे होते. दोर कठड्याला होता, कठडाच गेला.”

“मुकादमांनी आराखडा मोडून लोक त्या रस्त्याने नेले. तसं लिहू का? मग जबाबदार ते. तुम्हाला ते हवंय?” साहेब चढ्या आवाजात बोलत नव्हते. थकलेला माणूस बोलतो तसे बोलत होते. “बाई, मी कोणाला वाचवायचं ते ठरवून लिहिलंय. मुकादम नोकरीत आहेत, तुम्ही आहात, मीही आहे. खलपे नाहीत.”

“त्यांची बायको आहे.”

“त्यांना मदत मिळेलच.”

“त्यांच्या नवऱ्याच्या नावावर कसूर लिहिलेली मिळेल.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते घेतलं नाही. म्हटलं, मला एक दिवस द्या.

त्याच संध्याकाळी मी अग्निशमन केंद्रात गेले. मुकादम गाडीचे टायर धुवत होते. त्यांच्या हाताखाली माणसं होती, तरी स्वतः धुवत होते.

“मुकादमभाई, मला तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे,” मी म्हटलं आणि नोंदवही उघडून त्यांच्यापुढे धरली. बारा वाजून दहा मिनिटं. ‘खलपे: पऱ्ह्याचं काय? उत्तर: काही नाही.’

त्यांनी वाचलं. “ऐकलं होतं मी हे वायरलेसवर,” म्हणाले. “तू म्हणालीस काही नाही. म्हणजे धोका नाही.”

“तसं नव्हतं.” मी वही मिटली. “पऱ्ह्याचा माझ्याकडे आकडाच नव्हता. सड्यावर पर्जन्यमापक नाही, मोरीवर मोजपट्टी नाही, कुठल्याच खात्याकडे काही नव्हतं. तक्त्यात ती चौकट मी दोन वर्षं रिकामी ठेवली होती. संगणकात रिकामी चौकट शून्य धरली जाते. मीही तशीच धरायला लागले होते. त्यांनी विचारलं तेव्हा मला म्हणायचं होतं की माझ्याकडे पऱ्ह्याची काही माहिती नाही. तोंडातून निघालं, काही नाही. त्यांनी ऐकलं, काही धोका नाही. आणि खरं सांगू? बोलताना मलाही तसंच वाटत होतं.”

मुकादमांनी पाण्याचा नळ बंद केला.

“हे अजून कोणाला सांगितलंस?”

“आधी तुम्हाला.”

“उद्या चौकशीत सांगणार?”

“हो.”

“तुला ठेवणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग माझंही लिही,” ते म्हणाले. “मी या गावातला. त्या पऱ्ह्यात मी लहानपणी खेकडे धरलेत. तो कसा अंगावर येतो ते मला ठाऊक होतं. तुझे आकडे नदीला चार मिनिटांवर बरोबर आले आणि मी डोकं वापरायचं सोडलं. रस्ता मी नेला. तसं लिही.”

मी म्हटलं, “तुमचं तुम्ही लिहा.” ते किंचित हसले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आल्या होत्या, साठीला आलेल्या, केस बारीक कापलेले. पाटणकर साहेब शेजारी बसले होते. मी टाइप केलेली पानं परत ठेवली आणि माझी चार पानं पुढे केली, हाताने लिहिलेली. त्यावर धरणाला केलेला फॅक्स होता, वेळेसह. साहेबांनी नाही म्हटल्यानंतर मी तो पाठवला, हेही होतं. वायरलेसचा निरोप होता. रिकामी चौकट होती.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. “तुम्ही स्वतःवर दोन आरोप लिहिलेत,” म्हणाल्या.

“पहिला आरोप नाही, मॅडम. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फॅक्स करेन. दुसरा मात्र आहे.”

पाटणकर साहेब पुढे झुकले. “बाई, नोंदवहीचं ते पान भिजलंय. शाई फुटली आहे. वाचता येत नाही असं आपण म्हणू शकतो.” मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, “यांची मनःस्थिती ठीक नाही. माणूस गेल्यामुळे.”

“पान भिजलंय, पण वाचता येतं,” मी म्हटलं. “मीच लिहिलंय, मी वाचून दाखवते.” आणि वाचून दाखवलं.

“याचा परिणाम समजतोय का तुम्हाला?” साहेब म्हणाले. “तक्ता चुकला असं तुम्हीच लिहून दिलंत, तर या जिल्ह्यात पुन्हा कोणी तुमच्या तक्त्यावर विश्वास ठेवणार नाही. सहाशे पन्नास माणसं वाचली ते विसरतील.”

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि रात्रभर मलाही तेच वाटत राहिलं होतं. म्हणून उत्तर तयार होतं.

“या कागदावर लिहिलंय की सगळ्या खात्यांची माहिती नियमित एकत्र होत होती. ती होत नव्हती. मी दारोदार मागून आणत होते. व्यवस्था होती असं लिहिलं की ती करायला कोणी बसणार नाही. आणि खलपे स्वतःच्या चुकीने गेले असं लिहिलं, तर पऱ्ह्यावर मोजपट्टी कोण लावेल? माझी चूक कागदावर राहिली तरच ती चौकट भरेल. सही मी या पानांवर केली आहे. त्या पानांवर करणार नाही.”

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. त्यांनी मला शाबासकी दिली नाही. “तुमचं म्हणणं नोंदवलं आहे,” एवढंच म्हणाल्या. मुकादम त्यांचं पान घेऊन बाहेर बाकावर बसले होते.

महिनाअखेर माझं कंत्राट संपलं. पुढे वाढवलं नाही. मुकादमांची एक वेतनवाढ रोखली. घोसाळकरांची बदली झाली, जाताना त्यांनी धरणाच्या दहा वर्षांच्या नोंदींच्या झेरॉक्स माझ्या घरी पाठवल्या, चिठ्ठी वगैरे काही नाही. अंतिम अहवालात खलपेंच्या नावापुढे ‘कर्तव्य बजावत असताना’ असं आलं. शिफारशींच्या यादीत सातव्या क्रमांकावर पऱ्ह्यावर मोजपट्टी लावावी असंही आलं.

खलपेंच्या घरी मी चौकशीच्याच आठवड्यात गेले होते. निर्मलावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काय बोलले आणि त्यांच्या नवऱ्याने काय ऐकलं, ते मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

“त्यांना खोटं सांगितलं नव्हतंत ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. पण नीट सांगितलं नाही.”

“मग आता नीट करा,” त्या म्हणाल्या. मला त्यांनी पाणी विचारलं नाही आणि उठून जा असंही म्हटलं नाही.

सातव्या क्रमांकाच्या शिफारशीला वर्ष होत आलं. नवी मोरी बांधून झाली, तिच्यावर पट्टी नव्हती. मी बांधकाम खात्यात तीन अर्ज केले. पावसाळा तोंडावर आला. एका रविवारी मुकादम, निर्मलावहिनी आणि मी पांढरा आणि लाल रंग घेऊन मोरीवर गेलो. मुकादमांनी टेप धरली, मी रेघा आखल्या, वहिनींनी आकडे रंगवले. त्यांचा चार जरा वाकडा आला, तो तसाच ठेवला. नळीला फनेल लावून त्यांच्या अंगणात पर्जन्यमापकही उभा केला, त्यांचं घर सड्याच्या उतरणीवर होतं.

पंधरा दिवसांत नोटीस आली. शासकीय बांधकामाचे विनापरवाना विद्रूपीकरण. खुलासा सात दिवसांत द्यावा. आम्ही तिघांनी मिळून खुलासा दिला, ‘खात्याने आपली पट्टी लावावी. आमची आम्ही त्याच दिवशी पुसू.’ पुढे काही उत्तर आलं नाही.

त्या पावसाळ्यापासून निर्मलावहिनी दर तासाला पट्टी वाचून मला फोन करायच्या. मी घरून तक्ता चालवत होते. मुकादमांना कळवायचे आणि नियंत्रण कक्षालाही. तिथल्या नव्या माणसाला ते आवडायचं नाही, पण तो ऐकून घ्यायचा. तक्त्यात मी एकही चौकट रिकामी ठेवत नव्हते. आकडा नसेल तिथे लाल अक्षरात लिहायचे, ‘माहिती नाही, जाऊ नका.’

दोन वर्षांनी पऱ्ह्या पुन्हा चढला. तोही दुपारचाच सुमार, बाजारपेठ रिकामी करायला सुरुवात झाली होती आणि दलाची पहिली गाडी माणसं भरून तेली आळीत शिरली होती. माझी लाइन बंद पडली होती, म्हणून वहिनींनी मोरीवरून मोबाइलने थेट नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाने फोन वायरलेसच्या जवळ धरला होता, त्यामुळे पुढचं सगळं गाडीत मुकादमांनाही ऐकू गेलं. त्यांनीच ते मला नंतर सांगितलं.

“मोरीवर दोन मीटर दहा,” वहिनी म्हणाल्या. “पाच मिनिटांत वीस सेंटीमीटर वाढलंय. इकडून कोणाला आणू नका.”

“आपण कोण बोलताय?”

“निर्मला सुधाकर खलपे.”

“बाई, ही अधिकृत नोंद नाही. आमच्याकडे मोरीवरचा रस्ता सुरू दिसतोय.”

“मग तुमचा अधिकृत माणूस पाठवा,” वहिनी म्हणाल्या. “तो येईपर्यंत मी मोरीच्या तोंडाशी, तेली आळीच्या बाजूला आडवी उभी आहे. गाडी आली तर माझ्या अंगावरून न्यावी लागेल.”

नियंत्रण कक्षातला माणूस काहीतरी बोलू लागला होता. मुकादमांनी त्याचं बोलणं संपायची वाट पाहिली नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी वळवायला सांगितली.